गाडी घेण्याआधी गल्ली मोजा

उन्हाळा संपता संपता नागपुरात एखाद्या संध्याकाळी आभाळ काळे होते, धूळ उडते आणि अर्ध्या तासाचे वादळ शहरभर झाडे आडवी करून जाते. गुलमोहोराच्या फांद्या कडाकड मोडतात, जुना कडुनिंब वाड्याच्या भिंतीवर कलंडतो, कुठे विजेच्या तारेवर फांदी लोंबकळत राहते. रस्त्यावरचे झाड महापालिकेचे उद्यान खाते किंवा अग्निशमन दल उचलते. पण अंगणातले, वाड्यातले, सोसायटीच्या आवारातले झाड ज्याचे त्यालाच पाहावे लागते. म्हणूनच झाडांची छाटणी करणे, धोक्याच्या फांद्या उतरवणे, पडलेले झाड कापून हलवणे हा आता शहरातला एक रीतसर व्यवसाय झाला आहे आणि अनेक तरुण त्यात उतरत आहेत.

या तरुणांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: गाडी कोणती घ्यावी? प्रश्न रास्त आहे. करवत, दोर, शिडी, हेल्मेट यांचा खर्च हजारांत होतो, गाडीचा लाखांत. करवत मनासारखी निघाली नाही तर बदलता येते. गाडी मात्र कामाला जुळली नाही, तरी तिचे हप्ते चार-पाच वर्षे भरावेच लागतात. छोट्या व्यावसायिकाचे कंबरडे मोडते ते बहुतेक वेळा इथेच. काम मिळत नाही असे नसते. काम मिळते, पण गाडी ते काम करू शकत नाही, किंवा कामापेक्षा गाडीच महाग पडते.

हा प्रश्न आपण नागपूरच्या गांधीबागेच्या संदर्भात पाहू. कारण गांधीबागेत जी गाडी चालेल, ती नागपुरात कुठेही चालेल. उलट मात्र खरे नाही.

बाजाराने दिलेले उत्तर

गांधीबाग म्हटले की कापडाची घाऊक बाजारपेठ डोळ्यांसमोर येते. शेजारी इतवारी, हंसापुरी, पलीकडे महाल. दुकानांच्या पायऱ्या रस्त्यावर आलेल्या, दुतर्फा दुचाकी लावलेल्या, डोक्यावर तारांचे जाळे, कडेला नाली आणि तिच्यावर फरशी. या दाटीतही जुन्या घरांच्या चौकात कडुनिंब आहे, भिंतीतून वर आलेला पिंपळ आहे, मंदिराच्या आवारात वड आहे. त्या झाडांनाही छाटणी लागते, आणि तोडलेल्या फांद्या त्याच गल्लीतून बाहेर न्याव्या लागतात.

आता या बाजारात कापडाच्या गाठी कशा हलतात ते पाहा. मोठा ट्रक दुकानाच्या दारात येत नाही. गाठ हमालाच्या पाठीवरून ठेल्यावर येते, ठेला रुंद रस्त्यापर्यंत जातो आणि तिथे माल गाडीत चढतो. म्हणजे वाहतूक दोन टप्प्यांत होते: गल्लीतली वेगळी, रस्त्यावरची वेगळी. झाडांच्या कामालाही हीच रीत लागू पडते. झाडाच्या बुंध्याशी गाडी नेण्याचा हट्ट सोडला की निम्मा प्रश्न सुटतो. एक दणकट ठेला आणि चौकात उभी असलेली मध्यम गाडी ही जोडी, गल्लीच्या तोंडाशी अडकलेल्या मोठ्या ट्रकपेक्षा अधिक काम करते.

म्हणून पहिले काम शोरूममध्ये जाण्याचे नाही, मोजपट्टी घेऊन गल्लीत जाण्याचे. मोजायची ती गल्लीची सर्वसाधारण रुंदी नव्हे, तर सर्वांत अरुंद जागा. पुढे आलेला ओटा, विजेचा खांब, कायम उभी राहणारी दुचाकी हे सगळे धरून जी रुंदी उरते, ती खरी. त्यातून दोन्ही बाजूंना माणूस चालेल एवढी, निदान दीड-दोन फूट जागा सोडा. वर पाहून तारा आणि दुकानांची छपरे किती उंचीवर आहेत ते टिपा. खाली पाहून नालीवरच्या फरश्या टिपा; रिकामी गाडी त्यावरून जाते आणि भरलेली परतताना फरशी फुटते.

दोन प्रकारचे ओझे

झाडाच्या कामात गाडीवर दोन अगदी वेगळी ओझी येतात. पहिले पालापाचोळ्याचे आणि डहाळ्यांचे. त्याला जागा फार लागते, वजन थोडे. एका डेरेदार गुलमोहोराचा पसारा छोट्या टेम्पोत दोन-तीन खेपांतही मावत नाही, पण त्या खेपेचे वजन गाडीला जाणवतही नाही. दुसरे ओझे ओंडक्यांचे. त्याला जागा थोडी लागते आणि वजन फार. नवखा माणूस इथे फसतो. पाल्याने भरलेली गाडी त्याला भरलेली दिसते आणि ओंडक्यांनी ओव्हरलोड झालेली गाडी अर्धी रिकामी दिसते.

ताजे तोडलेले लाकूड पाण्याच्या जवळपास जड असते, कारण त्यात पाणीच भरपूर असते. एक घनफूट पाणी भरते सुमारे २८ किलो. यावरून एक सोपा हिशेब निघतो. ओंडक्याचा व्यास फुटांत मोजा, त्याला त्यानेच गुणा, मग लांबीने गुणा आणि आलेल्या आकड्याला २२ने गुणा. जे येईल ते ओल्या ओंडक्याचे अंदाजे वजन, किलोत. दीड फूट व्यासाचा, तीन फूट लांबीचा ओंडका घेतला तर दीड गुणिले दीड म्हणजे सव्वादोन, गुणिले तीन म्हणजे पावणेसात, गुणिले २२ म्हणजे जवळजवळ १५० किलो. हलक्या जातीचे लाकूड याहून कमी भरेल, पण हिशेब जडाचाच धरावा. तो धरल्याने कुणाचे नुकसान होत नाही.

पाऊण टन वाहणाऱ्या छोट्या टेम्पोत असे ओंडके किती मावतात? वजनाने पाच. आणि त्या टेम्पोचा हौदा साधारण सात फूट लांब आणि पाच फूट रुंद असतो, म्हणजे पाच ओंडक्यांनी त्याचा तळसुद्धा पुरता झाकला जात नाही. शिवाय करवती, दोर, शिडी, पाण्याचे कॅन यांचे वजन वेगळेच. मालक म्हणतो, ‘अजून दोन टाका, जागा आहे ना!’ ती दोन लाकडे म्हणजे ३०० किलो. उतारावर ब्रेक लागत नाही तेव्हा त्याला त्या ३०० किलोंची आठवण होते.

यावर एक सोपा उपाय आहे. हौद्याला पाल्यासाठी जाळीच्या उंच बाजू जरूर लावून घ्या, पण आतल्या बाजूने तळापासून एक फुटावर रंगाची ठळक रेघ मारा. पाला जाळीच्या टोकापर्यंत, लाकूड रेघेपर्यंत. जाड ओंडके असतील तर रेघेवर विसंबू नका, ते मोजूनच चढवा. गाडीवर रोज नवा माणूस असला तरी त्याला हा नियम एका वाक्यात सांगता येतो.

कोणती गाडी कशाला

आता गाड्यांकडे वळू. मे २००५ मध्ये टाटा मोटर्सने ‘एस’ ही गाडी बाजारात आणली. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालच्या चमूने ती घडवताना तीनचाकी मालवाहू गाडी चालवणाऱ्यांशी बोलून त्यांच्या गरजा समजून घेतल्या होत्या. दोन सिलिंडरचे ७०० सीसीच्या आसपासचे इंजिन, पाच फूट रुंदी, साडेबारा फूट लांबी आणि सुमारे पाऊण टनाची क्षमता. लोकांनी तिला ‘छोटा हाथी’ हे नाव दिले आणि आज या वर्गातल्या कोणत्याही कंपनीच्या गाडीला तेच म्हणतात. तिचा हौदा बुटका असतो, ती चटकन वळते आणि इतवारी-गांधीबागेच्या बऱ्याच रस्त्यांवर शिरते. फांद्यांच्या छाटणीसाठी, कुंपणाच्या कामासाठी, रोजच्या फिरतीसाठी ती पुरते. मोठे झाड पाडण्याच्या कामात मात्र तिला खेपांमागून खेपा घालाव्या लागतात. २०२२ पासून या वर्गात विजेवर चालणारी चारचाकीही आली आहे. ठरावीक भागात, रोज थोड्या अंतराची फिरती असेल तर तिचाही विचार करावा. पण भर उन्हात दिवसभर काम करून रात्री ती चार्ज करायची कुठे, हे घर किंवा गोदाम पाहून आधी ठरवावे.

त्यापुढचा वर्ग बोलेरो पिकअपसारख्या गाड्यांचा. सव्वा ते दीड टनाच्या आसपास किंवा त्याहून थोडी अधिक क्षमता, लांबी सोळा-सतरा फूट. ही गल्लीत नेण्याची गाडी नव्हे, चौकात उभी करण्याची. ठेल्याच्या जोडीला हीच शोभते. शहराबाहेरच्या नव्या ले-आउटमध्ये, पावसाळ्यात काळ्या मातीच्या भूखंडावर काम निघाले, तर छोट्या चाकांची गाडी रुतते आणि ही बहुधा निघते. याच वर्गात पाच जण बसतील अशा दुहेरी केबिनच्या गाड्या मिळतात. त्यात हौदा आखूड होतो, पण माणसे आत बसतात. या मुद्द्याकडे आपण पुढे येणारच आहोत.

तिसरा वर्ग ४०७चा. जपानी सहकार्याने आलेल्या हलक्या ट्रकांच्या स्पर्धेत टाटांनी १९८६ साली ही गाडी आणली आणि ती अजूनही टिकून आहे. दोन-अडीच टन माल ती सहज नेते. ज्याला महिन्याला अनेक मोठी झाडे पाडण्याचे, हलवण्याचे काम आहे त्याला ती परवडते. पण तिचा हौदा उंच. दीडशे किलोचा ओंडका दोन फूट चढवणे आणि साडेतीन फूट चढवणे यात किती फरक आहे, हे कंबरेला विचारा. ती घ्यायची तर मजबूत फळ्या, चेनपुली आणि फाळका पूर्ण खाली पडेल अशी सोय तिच्याबरोबरच घ्यायला हवी. सामान उतरवण्यासाठी हौदा उचलणारी, म्हणजे टिपर पद्धतीची गाडी मिळत असेल तर ती थोडी महाग असूनही विचार करण्याजोगी आहे. चढवणे हाताने करावे लागतेच. उतरवण्याचा तास तरी वाचतो.

हायड्रॉलिक शिडीच्या गाडीचा मोह अनेकांना होतो. मोठ्या रस्त्यावर ती उपयोगी आहे यात शंका नाही. पण जुन्या वस्तीत ती शिरतच नाही, आणि जिथे शिरते तिथे ती दिवसाच्या भाड्याने मिळू शकते. सुरुवातीला तिच्यात पैसे अडकवण्यापेक्षा दोन माणसांना दोरावर चढण्याचे नीट प्रशिक्षण आणि चांगले सुरक्षा पट्टे द्यावेत.

माल जाणार कुठे?

गाडी ठरवण्याआधी आणखी एक प्रश्न विचारायचा असतो, तो म्हणजे माल उतरणार कुठे. गांधीबागेच्या जवळच लकडगंज आहे, नावातच लाकूड. आरागिरणीला लाकूड द्यायचे तर ओंडके लांब ठेवावे लागतात. सहा फुटांचा ओंडका म्हणजे दुप्पट वजन आणि चढवायला जास्त माणसे. लाकडाच्या टालीवर जळण म्हणून द्यायचे तर हवे तेवढे लहान तुकडे चालतात, पण भाव कमी. म्हणजे विक्रीची जागा लांबी ठरवते, लांबी वजन ठरवते आणि वजन गाडी ठरवते.

पाल्याचे काय? तो शहराच्या पूर्व टोकाला भांडेवाडीच्या कचरा डेपोकडे नेण्यात डिझेल आणि वेळ दोन्ही जातात, म्हणून कमीत कमी पाला गाडीत भरावा. फांद्यांचा भुगा करणारे लहान यंत्र, ज्याला चिपर म्हणतात, ते असेल तर ढिगाचे आकारमान चौथाईहूनही कमी होते. तो भुगा त्याच बागेत झाडांच्या बुंध्याभोवती आच्छादन म्हणून पसरता येतो. नागपूरच्या मे महिन्यात अशा आच्छादनाने मातीतला ओलावा टिकतो. ग्राहकाला हे पटवून दिले तर ती खेप वाचते, आणि सर्वांत स्वस्त खेप तीच. अर्थात भुगा नेण्याची वेळ आलीच, तर तो पाल्याहून कितीतरी जड भरतो हे विसरू नये.

कागद आणि कायदा

आता नियम. गाडीचे भरलेल्या स्थितीतले एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ६६ नुसार मालवाहतुकीचा परवाना लागत नाही. त्याहून जड गाडीला लागतो. पिकअप घेताना नोंदणी पुस्तकातला हा आकडा मुद्दाम पाहा. एकाच नावाच्या गाडीचे काही प्रकार या रेषेच्या अलीकडे असतात, काही पलीकडे.

चालकाच्या परवान्याबद्दल पूर्वी गोंधळ होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये आणि पुन्हा घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केले की हलके मोटार वाहन चालवण्याचा परवाना असलेला चालक ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीवर चालतो, त्यासाठी वेगळी नोंद लागत नाही. आपण पाहिलेल्या तिन्ही वर्गांतल्या नेहमीच्या गाड्या या मर्यादेत बसतात.

जास्त वजन भरल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये अशी तरतूद आहे. झाडवाल्यांनी त्याच कलमाचा पुढचा भाग वाचावा. माल गाडीच्या बाजूने, पुढून, मागून किंवा उंचीने मर्यादेबाहेर आला, तरी २०,००० रुपयांचा दंड आहे. मागे लोंबणारी फांदी हा वजनाचा गुन्हा नसला तरी गुन्हाच आहे, आणि मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या जिवावर तीच बेतते. गाडीत एक करवत, जाड जाळी आणि दोर कायम ठेवा. फांद्या आखूड कापा आणि आवळून बांधा.

गाडी निघण्याआधी झाडाचाही कागद हवा. शहरी भागात १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष म्हणून विशेष संरक्षण आहे. जुन्या वस्तीतली झाडे पुष्कळदा याच वयाची असतात. परवानगीची प्रत गाडीत ठेवा. सागासारख्या जातीचे लाकूड असेल तर वनखात्याच्या वाहतूक परवान्याचीही चौकशी करा. अवजड वाहनांच्या शहरातल्या प्रवेशाच्या वेळा वाहतूक पोलीस अधिसूचनेने ठरवतात आणि त्या बदलत असतात, म्हणून ४०७ घेणाऱ्याने त्या आधी पाहाव्यात.

माणसे कुठे बसणार?

गाडी निवडताना सगळे मालाचा विचार करतात, माणसांचा शेवटी. काम संपते, दोन जण केबिनमध्ये बसतात आणि उरलेले तीन ओंडक्यांवर. हे दृश्य आपण रोज पाहतो, म्हणून त्यातला धोका दिसेनासा झाला आहे. ओला ओंडका वळणावर घरंगळतो. त्यावर बसलेल्या माणसाला धरायला काहीच नसते.

यात विम्याचाही प्रश्न आहे. मालवाहू गाडीत फुकट प्रवास करणाऱ्यांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये आशा राणी प्रकरणात सांगितले. कामावरच्या मजुरांची गोष्ट वेगळी आहे. पण त्यासाठी विमापत्रात किती कामगारांचा हप्ता भरला आहे हे महत्त्वाचे. म्हणून विमा काढताना ‘चालक सोडून किती माणसे?’ हे विचारून लिहून घ्या. टोळी पाच जणांची असेल तर दुहेरी केबिनची गाडी घ्या किंवा माणसांना दुचाकीने, ऑटोने पाठवा. त्याचा खर्च रोजच्या हिशेबात धरा. तो न परवडणारा असेल तर कामाचा दरच कमी लावलेला आहे, असे समजावे.

वहीतला हिशेब

शेवटी पैशाचे. समजा, स्वतःच्या गाडीचा हप्ता, विमा, चालकाचा पगार आणि देखभाल मिळून महिन्याला २४,००० रुपये लागतात. भाड्याच्या टेम्पोची खेप १,२०० रुपयांना पडते आणि स्वतःच्या गाडीने त्याच खेपेला ४०० रुपयांचे डिझेल लागते. म्हणजे प्रत्येक खेपेमागे वाचले ८०० रुपये. २४,००० भागिले ८०० म्हणजे ३०. महिन्याला ३० खेपा असतील तर गाडी स्वतःचा खर्च भागवते. १५ असतील तर भाड्याचा टेम्पोच बरा. हे आकडे उदाहरणासाठी आहेत. आपल्या भागातले आकडे घालून हाच भागाकार करा. आणि वादळाच्या महिन्याचा आकडा घेऊ नका, हिवाळ्यातल्या मंद महिन्याचा घ्या, कारण हप्ता त्या महिन्यातही तेवढाच असतो.

जुनी गाडी घेतली तर हप्ता कमी होतो, पण आठ वर्षांपर्यंतच्या मालवाहू गाडीचे योग्यता प्रमाणपत्र दोन वर्षांनी आणि त्यापुढे दरवर्षी नवे करावे लागते. चेसिसवर वेल्डिंगच्या खुणा, पाट्यांच्या जादा पट्ट्या दिसल्या तर ती गाडी आधीच्या मालकाने क्षमतेबाहेर राबवलेली आहे असे समजावे.

माझा सल्ला असा की पहिला हंगाम भाड्याच्या गाड्यांवर काढावा. आज छोटा हाथी, उद्या पिकअप, मोठे झाड असेल तेव्हा ४०७. प्रत्येक कामानंतर वहीत पाच गोष्टी लिहा: गल्लीची रुंदी, खेपांची संख्या, ओंडक्यांचे अंदाजे वजन, माल कुठे उतरला आणि माणसे कशी आली-गेली. दिवाळीपर्यंत पन्नासएक कामांच्या नोंदी होतील. मग शोरूममध्ये जाताना ती वही बरोबर न्या, आणि विक्रेता इंजिनाच्या ताकदीबद्दल बोलू लागला की त्याला गल्लीची रुंदी विचारा.